सुरांआधीचा श्वास

मी एक जुनी सुरांची लायब्ररी आहे. लायब्ररी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे पुस्तकांची कपाटे येतील, मित्रांनो, पण माझ्यात एकही पुस्तक नाही. माझ्यात सुटे सूर आहेत, सात हजारांहून अधिक. अकरा माणसांनी व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि डबल बासवर ते एकेक करून वाजवले आणि ते कॉम्प्युटरमध्ये साठवले गेले. ज्या संगीतकाराला इतके वादक बोलावणे जमत नाही, त्याने कीबोर्डची पट्टी दाबायची. दाबली की मी वाजते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की समोर वादक बसले आहेत.

ज्याने मला घडवले त्याला मी धनी म्हणते. त्याची बायको व्हायोलिन वाजवत असे. तिला सगळे वादक वहिनी म्हणत, म्हणून मीही म्हणते.

माझा जन्म एका शाळेच्या सभागृहात झाला. शाळेला सुट्टी होती. धन्याने खिडक्यांना गाद्या लावल्या, भिंतीवरचे घड्याळ काढून बाहेरच्या व्हरांड्यात नेऊन ठेवले, खुर्च्यांचे सांधे चिंध्या कोंबून घट्ट केले. वादकांना मनगटी घड्याळे, बांगड्या आणि बूट दाराशी काढावे लागत. मग एक सूर वाजवायचा. आधी अगदी हळू, मग जरा मोठा, मग आणखी मोठा, मग पूर्ण जोरात. सूर संपला तरी त्याचा घुमारा विरेपर्यंत कुणी हलायचे नाही. मग पुढचा सूर. असे नऊ दिवस चालले होते.

तुम्हाला हे सोपे वाटेल, पण माणसाच्या शरीराला गप्प बसवणे फार अवघड असते. कुणाचा गुडघा वाजे, कुणाला नेमकी तेव्हाच शिंक येई. डबल बासवाल्याचे पोट तर जेवायची वेळ जवळ आली की हमखास गुरगुरे, आणि धन्याला सगळे पुन्हा घ्यावे लागे. तिसऱ्या दिवशी वहिनी त्याला म्हणाल्या, "भाऊजी, उद्यापासून डबा खाऊनच बसा. नाहीतर तुमचं वाद्य राहील बाजूला आणि पोटच विकलं जाईल." त्या हसण्यात पंधरा मिनिटे गेली. ते हसणेही रेकॉर्ड झाले होते.

सगळ्यांनी एकाच क्षणी सुरू करायचे तर कुणीतरी इशारा द्यावा लागतो. बोलून चालत नाही, हाताने टिचकी मारूनही चालत नाही. ते काम वहिनींचे होते. त्या नाकाने एक छोटा, ठाम श्वास घेत, आणि त्या श्वासावर सगळ्यांचे गज एकदम तारांना लागत. चेलोवाल्यांची पाळी असली तरी वहिनी त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसत आणि श्वास देत. माझ्यातला जवळजवळ प्रत्येक सूर त्यांच्या श्वासाने सुरू झाला आहे.

त्यानंतर आठ महिने धनी स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसून मला कापत होता. हे कापणे फार महत्त्वाचे असते. सुराच्या आधी केसभर जरी जास्तीचे राहिले, तर पट्टी दाबल्यावर सूर उशिरा येतो आणि संगीतकार वैतागतो. म्हणून सूर जिथे सुरू होतो त्याच्या अगदी कडेला कापायचे. धन्याचा हात त्यात फार तयार होता. वहिनींचा श्वासही असा की सुराच्या आधी पूर्ण संपलेला, सुरात कधी न मिसळलेला. त्यामुळे तो बेमालूम कापला जाई.

एकदा वहिनी शेंगा सोलत शेजारी येऊन बसल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिले, थोडे ऐकले आणि म्हणाल्या, "एवढं वाजतं माझं नाक? इतकी वर्षं बोलला नाहीत ते."

"वाजतं म्हणूनच कापतोय ना," धनी म्हणाला.

"कापा, कापा. एरवी तरी मी बोलायला लागले की तुम्ही तेच करता."

धनी हसला आणि पुढचा श्वास कापला.

मी बाजारात आले तेव्हा माझे खूप कौतुक झाले. लांबलांबच्या संगीतकारांनी लिहिले की इतके निर्मळ सूर आम्ही ऐकले नव्हते. धन्याने त्यातले एक पत्र छापून भिंतीला लावले. मी जाहिरातींत वाजले, मालिकांत वाजले, पाच-सहा चित्रपटांतही वाजले. मला वाटे, मी या घराचे भले करते आहे.

पण हळूहळू त्या अकरा जणांना बोलावणी येईनाशी झाली. ज्याला पट्टी दाबून काम होते तो अकरा खुर्च्या कशाला मांडेल? चेलोवाले काका एकदा घरी आले तेव्हा म्हणाले, आपणच आपला खड्डा खणला आणि आत उतरताना सूरही लावून घेतला. वहिनींचे कामही गेले. एका दुपारी टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती. त्या लेकीला म्हणाल्या, "ऐक, मी वाजतेय. बोलावलं नव्हतं कुणी, तरी गेलेय." त्यांनी हे हसत सांगितले. धनी मात्र उठून खोलीत गेला.

पुढे त्याला बासऱ्यांची लायब्ररी करायची होती. डिस्कवर जागा नव्हती. माझे कापण्याआधीचे नऊ दिवस तिथे पडून होते. त्याने वहिनींना विचारले, पुसू का? त्या म्हणाल्या, पुसा की, चांगले ते घेतलेत ना काढून. त्याने पुसले. या धंद्यात सगळेच असे करतात. कापून झाल्यावर कातरण कुणी जपत नाही.

गेल्या वर्षी वहिनी आजारी पडल्या आणि चार महिन्यांत गेल्या. त्याबद्दल मला जास्त सांगता येत नाही. घरात पाहुणे येत होते, मग येईनासे झाले.

त्यानंतर एका सकाळी धन्याने मला उघडले. मला वाटले, नवे काम आले असेल. त्याने हेडफोन लावला, आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि माझा पहिला सूर वाजवला. मग दुसरा, मग तिसरा. जवळ एक वही होती. ऐकलेल्या प्रत्येक सुरापुढे तो काट मारत होता. तो कुठेतरी चुकून राहिलेला वहिनींचा एक श्वास शोधत होता.

लेकीला कळले तेव्हा ती त्याच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "बाबा, आईचे व्हिडिओ आहेत की फोनमध्ये. किती बोललीये त्यात."

"त्यात ती बोलते," धनी म्हणाला. "मला बोलायच्या आधीची हवी आहे."

लेकीने त्याच्यासमोरचे गार झालेले ताट उचलून पुन्हा गरम करून आणले.

अडतिसाव्या दिवशी चेलोच्या एका खालच्या सुरात त्याला काहीतरी सापडले. सुराच्या सुरुवातीलाच नाकाने घेतलेला एक बारीक श्वास. त्याने तो पुन्हा पुन्हा वाजवला. लेकीला फोन केला, ती कामावरून निघून आली. तिने डोळे मिटून ऐकले आणि रडायला लागली. मग धन्याने चेलोवाल्या काकांना बोलावले. त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी त्याने दाढी केली.

काकांनी हेडफोन लावला. दोनदा ऐकले. मग तो काढून हातात धरून बसले.

"वहिनींचाच आहे," ते म्हणाले.

त्यांनी हे फार पटकन म्हटले. धन्याने त्यांच्याकडे पाहिले. चाळीस वर्षांची ओळख होती.

"खरं सांग."

काकांनी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली. मग त्यांनी सांगितले. शेवटच्या दिवशी घरून फोन आला होता, लेकीला ताप होता, वहिनी दुपारीच निघाल्या. चेलोचे थोडे सूर राहिले होते. तेव्हा इशारा काकांनी दिला. "मला सवय नव्हती रे. उशिरा घ्यायचो श्वास, सुरातच घुसायचा. तुला तो कापता आला नसणार."

धन्याने मान हलवली. कापता आला नव्हता, हे त्यालाही आठवले. लेक भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मित्रांनो, मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. माझ्या पोटात काय आहे आणि काय नाही, ते माझ्याइतके कुणाला माहीत असणार? जो कच्चा होता त्याचा श्वास राहिला. वहिनी आपल्या कामात पक्क्या होत्या आणि धनी त्याच्या कामात, म्हणून वहिनींचा एकही राहिला नाही.

तुम्हीही कधी काही नीटनेटके कराल. फोटोतली कडेची माणसे कापाल, रेकॉर्डिंगमधले खोकणे पुसाल, जुन्या वह्या रद्दीत द्याल. तसे करू नका असे मी म्हणत नाही, कारण केल्यावाचून काम होत नाही. फक्त पुसण्याआधी एक प्रत कुठेतरी ठेवा. कशासाठी ते तेव्हा कळणार नाही.

धन्याला हे सांगून आता उपयोग नाही. उरलेले सूर त्याने गेल्या आठवड्यात संपवले. पहिली वही भरली. काल त्याने दुसरी आणली, पहिल्या पानावर रेघा मारल्या आणि आज सकाळी पुन्हा पहिल्या सुरापासून सुरुवात केली. त्याला वाटते, मागच्या वेळी ऐकण्यात काही चुकले असेल.

चुकलेले नाही. पण मला तसे सांगता येत नाही. त्याने पट्टी दाबली की मला फक्त वाजता येते.