सकाळीच येऊन गेलात की

इंडोनेशियातल्या मलांग शहरात मेलाती गल्लीत अडतीस घरं, एक बॅडमिंटनचं मैदान आणि तोंडाशी एक हिरवं लोखंडी फाटक होतं, आणि त्या फेब्रुवारीत सगळी गल्ली त्या फाटकावरून भांडत होती. कोरोनाच्या रुग्णांचा आकडा पुन्हा वर चालला होता, शेजारच्या दोन गल्ल्यांत मिळून सतरा माणसं आजारी होती आणि महापालिकेने निर्णय ज्याच्या त्याच्या गल्लीवर सोपवून अंग काढून घेतलं होतं. फाटक पुन्हा बंद करायचं, तीन आठवडे पाहुणे, पंगती, प्रार्थनेच्या बैठका, पोरांचं बॅडमिंटन सगळं थांबवायचं, की आत्ता कुठे रुळावर आलेलं आयुष्य तसंच चालू द्यायचं? गल्लीच्या व्हॉट्सअॅप गटावर सकाळी सकाळी फुलांची चित्रं यायची, तिथे आता टोमणे येत होते, आणि दोन शेजारणींनी तर मधल्या भिंतीवरून चटणीच्या वाट्या देणं-घेणंही बंद केलं होतं.

फाटक बंद करा म्हणणाऱ्यांत सगळ्यांत पुढे होत्या बू विनार्नी; तिकडे मोठ्या बाईला आदराने बू म्हणतात आणि पुरुषाला पाक. वय एकसष्ट, एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, निवृत्तीनंतर गल्लीतल्या बाळांची वजनं घेणं आणि म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजणं हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. मागच्या जुलैत गल्लीतली अकरा माणसं तीन आठवड्यांत गेली, त्यांतले पहिले त्यांचे यजमान, पाक सुगितो. तेव्हा फाटक बंद झालं ते अकरावा गेल्यावर.

विरुद्ध बाजूचे पुढारी होते पाक कस्दी. फाटकालगतच त्यांची बाक्सोची टपरी होती. मांसाच्या गोळ्यांच्या त्या सूपाचा वास आला की अर्धं शहर गल्लीत वळतं, असं ते स्वतःच सांगत. त्यांचा थोरला भाऊही त्याच अकरा जणांत होता, पण कस्दींनी त्यातून वेगळाच अर्थ काढला होता.

"बाई," ते पळीने रस्सा ढवळत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मागच्या वेळी तुमचं फाटक बंद झालं तेव्हा माझं पातेलं तीन महिने पालथं होतं. तुमची पेन्शन मास्क लावून घरी येते. माझं गिऱ्हाईक नाही येत."

टपरीवरची माणसं हसली. विनार्नींनी फाइलमधून आलेखाचा कागद काढला, आणि माणसं आणखी हसली.

गल्लीप्रमुख पाक रुस्लान हा सगळ्यांना दुखवायला घाबरणारा माणूस. त्यांनी दोन्हीकडच्यांना होकार दिला आणि मग, दोन्हीकडून शिव्या खाल्ल्यावर, जाहीर करून टाकलं की रविवारी सकाळी आठला मैदानावर सभा. एका घराचा एक हात. जास्त हात जिकडे, तिकडे गल्ली.

सोमवारी दुपारी विनार्नी घरोघर निघाल्या. त्या कुणाच्या घरात पाऊल टाकत नसत, अंगणाच्या दाराशी मास्क लावून उभ्या राहत आणि आकडे सांगत. आकडे बरोबर होते, पण सांगण्याची तऱ्हा अशी की ऐकणाऱ्याला आपली वही तपासली जातेय असं वाटावं. आठ घरं झाली, एकाने होकार दिला आणि तोही त्यांना लवकर वाटेला लावायला. "बू, शाळा अजून सुटली नाही वाटतं?" असं कुणीतरी आतून म्हणालं. मंगळवारी सहा घरं झाली, एकही होकार नाही. त्या रात्री त्यांनी आलेखाचा कागद चुरगळला, मग पुन्हा सरळ करून उशीखाली ठेवला.

बुधवारी चारच्या सुमाराला त्या बू लस्त्रींच्या दाराशी गेल्या. लस्त्री गल्लीतल्या घरांचे कपडे धुऊन इस्त्री करून देई, आणि कुणाचंही बोलणं दोन मिनिटांच्या वर ऐकून घेण्याइतका वेळ तिच्यापाशी कधीच नसे. विनार्नींना बघून तिने इस्त्री उभी केली आणि ती लगबगीने बाहेर आली.

"अगं बाई, परत? काही विसरलात का?"

"मी फाटकाबद्दल बोलायला आले होते."

"सकाळीच येऊन गेलात की! हो म्हटलंय ना मी." मग तिने आवाज खाली आणला. "बू, जपा हो स्वतःला. जेवलात का काही?"

लस्त्रीचं वय झालंय, दिवसांचा घोळ होतोय, असं मनाशी म्हणत विनार्नी पुढच्या घरी गेल्या. तिथे अंगणात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या होत्या आणि कठड्यावर अर्धा प्यालेला चहाचा ग्लास होता. घरातली सून तो उचलत म्हणाली, "तुमचाच आहे, बू, बिनसाखरेचा. राहू देते, गार झाला तरी चालतो म्हणाला होतात ना." गार झालेला बिनसाखरेचा चहा विनार्नींना खरंच आवडे, पण हे माहीत असणारं माणूस एकच होतं, आणि ते जुलैत गेलं होतं.

त्या दिवशी त्यांनी आणखी पाच घरं केली. पाचही ठिकाणी त्या आधीच येऊन गेल्या होत्या. पाचही ठिकाणी होकार तयार होता, आणि लोक बोलताना त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होते ती नजर त्यांना एकतीस वर्षांत कुठल्या विद्यार्थ्याने दिली नव्हती. एका म्हातारीने तर त्यांचा हात हातात घेऊन कपाळाला लावला. आपण हे नाकारायला हवं, आपण आलोच नव्हतो असं स्पष्ट सांगायला हवं, हे त्यांना कळत होतं. पण दर वेळी त्या नुसती मान हलवत राहिल्या. आणि घरी येताना आपली पावलं हलकी पडताहेत हेही त्यांना कळलं.

गुरुवारी त्या मुद्दाम घरातच राहिल्या. अंगणाच्या दाराला आतून कुलूप घातलं, किल्ली खिशात ठेवली, आणि दिवसभर जुने पडदे धुणं, कपाटं पुसणं, असली कामं काढली. पाच वाजता पाक रुस्लानचा फोन आला.

"बू, कमाल आहे तुमची! आज नऊ घरं? या वयात? अहो, पायांना काहीतरी लावा. आणि हो," ते जरा घुटमळले, "माझ्याकडे जे बोललात ते... माझ्या बायकोला रडू आवरेना. आमचा हात तुमच्या बाजूने धराच तुम्ही."

"मी काय बोलले, पाक रुस्लान?"

"नको बू," ते हळूच म्हणाले, "परत परत नका त्रास करून घेऊ."

फोन ठेवताना त्यांना जाणवलं की आपल्या पोटऱ्या भरून आल्या आहेत आणि घसा दिवसभर बोलल्यासारखा बसला आहे. भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी त्यांनी सात महिन्यांत पहिल्यांदा पोटभर भात खाल्ला, नऊ वाजताच आडव्या झाल्या आणि उजाडेपर्यंत कूससुद्धा बदलली नाही.

शनिवारी सकाळी दहाला त्या टपरीवर गेल्या. शुक्रवारपर्यंत बाकी सगळ्यांचा होकार झाला होता, गल्लीत एक कस्दीच उरले होते. टपरीवर गिऱ्हाईक नव्हतं. कस्दींनी टोमणा मारला नाही. त्यांनी वाडगं भरलं, वर तळलेला कांदा घातला आणि त्यांच्यापुढे ठेवलं. मग समोरच्या बाकावर दोन हात अंतर ठेवून बसले.

"तुम्ही गेलात त्याला तास झाला असेल," ते म्हणाले. "तेव्हापासून पळी हातात धरवत नाहीये मला."

विनार्नींनी वाडगं जवळ ओढलं.

"भावाच्या अंगणातली जुलैतली ती प्रार्थनेची बैठक," कस्दी म्हणाले. "पाक सुगितोंना त्या दिवशी सकाळपासून ताप होता, हे तुम्हाला ठाऊक होतं. प्रार्थना तेच चालवायचे, न जाऊन कसं चालेल, म्हणून तुम्ही त्यांना गोळी दिलीत. शर्टाला इस्त्री करून दिलीत. निळा बाटिकचा. माझा भाऊ त्यांच्या मांडीला मांडी लावून बसला होता, बाई."

टपरीच्या पत्र्यावर ऊन चढत होतं. सात महिने जे वाक्य त्यांनी स्वतःशीसुद्धा पुरतं उच्चारलं नव्हतं, जे त्यांच्या आलेखांच्या आणि आकड्यांच्या खाली दाबून ठेवलेलं होतं, ते आता घराघरांत बोललं गेलं होतं. प्रत्येक अंगणात, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, चहा पीत. म्हणून ती म्हातारी. म्हणून लस्त्री. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांनी तरीही होकार दिला होता.

"रडले का मी?" त्यांनी विचारलं.

"नाही. तेच तर." कस्दींनी फडक्याने कपाळ पुसलं. "तुम्ही हसून सांगत होतात. वाईट नाही हो, असं... आपली आई आपलीच खोडी सांगते ना, तसं. मी तुमच्या अंगावर धावून येणार होतो. मग तुम्ही म्हणालात, कस्दी, माझ्या नवऱ्याला बैठकीला पाठवायचं की नाही हे मला एकटीला ठरवावं लागलं. तसं पुन्हा कुणा एकीला ठरवायला लावू नका, सगळ्यांनी मिळून ठरवा. मला दहावीपर्यंत तुम्ही शिकवलंत, पण हे असं कधी बोलला नव्हतात."

अजून वेळ गेली नव्हती. ती मी नव्हते, एवढं म्हणायचं होतं फक्त. शपथेवर सांगता आलं असतं, आणि ते खरंही होतं. विनार्नींनी मास्क खाली केला, चमचाभर रस्सा घेतला आणि म्हणाल्या,

"हो. मीच ते. इस्त्री मीच केली होती."

बोलल्यावर त्यांना आपला आवाज ऐकू आला. तो भरदार होता, जरा हसरा, आणि कुठेही अडला नव्हता.

कस्दींनी फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "माझा हात तुम्हाला. पण माझं पातेलं पालथं पडता कामा नये."

"नाही पडणार. रोज घरांची एकेक ओळ तुमच्याकडून जेवण घेईल. पिशव्या ज्याच्या त्याच्या अंगणाच्या दाराला अडकवायच्या, कुणी कुणाच्या समोर यायचं नाही. यादी मी करते."

"तुम्ही आणि तुमच्या याद्या!" कस्दी म्हणाले, आणि दोघंही हसले.

रविवारी मैदान गच्च भरलं. खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या, बॅडमिंटनची जाळी उतरवून गुंडाळून ठेवली होती. विनार्नी पहिल्या रांगेत फाइल घट्ट धरून बसल्या होत्या. रात्री त्यांनी भाषण लिहून काढलं होतं. पाक रुस्लान माइक पुढे करून म्हणाले, "बू, दोन शब्द?" तर मागून लस्त्रीच ओरडली, "ऐकलंय आम्ही सगळं! हात मोजा, हात!" सगळीकडून होकाराचा गलका झाला. आणि मग एकेक करत हात वर गेले, कष्टाने काळवंडलेले, बांगड्यांचे, सुरकुतलेले, आणि सगळ्यांच्या मागे पळी धरून धरून घट्टे पडलेला कस्दींचा हात. ज्या दोन शेजारणी बोलत नव्हत्या त्यांनीही एकमेकींकडे बघत हात वर केले. रुस्लाननी बोट नाचवत एकदा मोजलं, परत मोजलं, आणि त्यांचा आवाज फाटला: "अडतीस! अडतीसच्या अडतीस!"

मैदान उठून उभं राहिलं. मागच्या जुलैनंतर गल्लीने एकत्र केलेला तो पहिला आवाज होता, आणि त्यात विजय होता, सुटका होती, गेलेल्या अकरा माणसांची आठवणही होती. विनार्नींचे डोळे भरून आले. ते पुसायला त्या हात उचलू लागल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपले दोन्ही हात अजून फाइलवरच आहेत. आपण हात वर केलाच नव्हता.

पण तेवढ्यात फाटक ओढल्याचा आवाज आला आणि पुढचे तीन आठवडे विचार करायला सवड अशी मिळालीच नाही. विनार्नींनी याद्या केल्या, पिशव्या मोजल्या, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसाला चार फेऱ्या मारल्या, आणि दर दाराशी थांबून लोकांना हसवलं. कस्दींचं पातेलं एक दिवसही पालथं पडलं नाही. उलट त्यांना दुसरं विकत आणावं लागलं. शेजारच्या गल्ल्यांतून रुग्णवाहिका जात राहिल्या. मेलाती गल्लीत फक्त एक त्र्याऐंशी वर्षांची आजी आजारी पडली, आणि नवव्या दिवशी तीही खिडकीतून तिखट चटणी मागू लागली. गेलं कुणीच नाही. एकही नाही.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी फाटक उघडलं. मैदानावर केळीच्या पानांवर पिवळ्या भाताचा उंच, निमुळता ढीग रचला गेला, पोरांनी जाळी पुन्हा बांधली, शहरातल्या एका छोट्या वर्तमानपत्राचा माणूस वही घेऊन आला. रुस्लाननी भाताचं टोक कापून पहिला मान बू विनार्नींना द्यायचं जाहीर केलं आणि त्यांना लाकडी मंचावर चढवलं. ऊन स्वच्छ होतं. एवढी माणसं आपल्यासाठी उभी आहेत हे बघून त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी मान ताठ केली आणि सगळ्यांकडे पाहिलं.

कस्दी टाळ्या वाजवत होते. लस्त्री डोळे पुसत टाळ्या वाजवत होती. सगळी गल्ली हसऱ्या, ओल्या डोळ्यांनी मंचाकडे बघत होती. फक्त त्या सगळ्यांची नजर विनार्नींच्या डाव्या खांद्याच्या जरा पलीकडे, वीतभर अंतरावर लागली होती. त्या हळूच एक पाऊल डावीकडे सरकल्या. नजराही तेवढ्याच सरकल्या.

रुस्लाननी "घ्या, बू," म्हणत पानावरचा भात पुढे केला, त्यांच्या बाजूवरून पलीकडे नेला, आणि तो कुणीतरी घेतला.

टाळ्या वाढतच गेल्या. विनार्नी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनीही डावीकडे वळून, सगळ्यांच्या बरोबरीने, मनापासून टाळ्या वाजवायला सुरुवात केली.