नाश्त्यानंतर दोन तासांनी

कारखान्यात त्याला सगळे आभाळराव म्हणत. बावीस वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये बसून तो खालच्यांची टकलं मोजत आला होता. रक्तात साखर निघाली तेव्हा कंपनीच्या डॉक्टरने गोळी लिहून दिली आणि बजावलं, "रोज नाश्त्यानंतर दोन तासांनी तपासायचं, आकडा वहीत लिहायचा, वही महिन्याला दाखवायची. आकडा चढला, तर केबिन बंद आणि गेटवर खुर्ची."

गेटवरच्या खुर्चीतली माणसं आभाळरावाने वरून पाहिली होती. ती जवळूनही तशीच दिसत.

अडचण एवढीच की नाश्ता सहाला, आणि आठला तो ब्याण्णव पायऱ्या वर, हुकाला सात टन पोलाद.

"अहो, आपण दोघं एकच खातो ना?" बायको म्हणाली. "मग माझं बोट टोचते. मी काय परकी आहे?"

मुद्दा बिनतोड होता. तीस वर्षं सर्दीसुद्धा त्यांना जोडीने होत आली होती.

तेव्हापासून दोघांच्या ताटलीत दोन उकडलेली अंडी, अर्धी काकडी, पावाचा एक तुकडा. जॅम लावलेल्या पावाचे तीन तुकडे मात्र सवयीने रोज निघतच, आणि त्याच्यापुढून ती ते उचलून घेई. अन्न टाकायचं नाही, म्हणून ओट्याशी उभ्या उभ्या संपवी. ते तिच्या हिशेबी खाणं नव्हतं, आवरणं होतं.

पहिल्या महिन्यात आकडे एकशे वीसच्या आत होते. डॉक्टर म्हणाला, शाबास. चौथ्यात एकशे साठ, सातव्यात दोनशे दहा.

"जिभेला जरा लगाम घाला," डॉक्टरने गोळी वाढवली.

"अंडी आणि काकडी, साहेब. गळ्याशप्पथ."

"सगळे हेच सांगतात," डॉक्टर म्हणाला. पुढच्या महिन्यात त्याने ती आणखी वाढवली.

आभाळरावाचे हात थरथरायला लागले. सकाळी केबिनमध्ये दरदरून घाम फुटे. बायकोने वही उघडून पाहिली. "साखर वाढली म्हणूनच होत असणार," ती म्हणाली, आणि त्याचा उरलेला एक तुकडाही उचलला. एकूण चार झाले.

मंगळवारी सव्वाआठला पोलाद हवेत अधांतरी थांबलं. खालून इशारे करणारा मुकादम ओरडला, "आभाळराव, झोपलास की काय?" दोघं-तिघं हसले. मग कोणी हसलं नाही. त्याला दोरांनी बांधून खाली आणायला पन्नास मिनिटं लागली. पोलाद दुपारपर्यंत तिथेच लोंबकळत होतं, कारण ते उतरवणारा दुसरा कोणी नव्हता.

तिसऱ्या दिवशीही त्याने डोळे उघडले नव्हते. कंपनीचा डॉक्टर इस्पितळात आला आणि त्याने बायकोकडून वही मागून घेतली.

"मंगळवारी याला आणलं तेव्हा साखर अडतीस होती," तो म्हणाला. "त्याच सकाळी वहीत दोनशे सोळा. हे कोणाचं रक्त?"

तिने बोट पुढे केलं. त्यावर सात-आठ महिन्यांची टोचणी होती.

डॉक्टरने खिशातलं पेन काढून वहीचं नवं पान उघडलं.

"तुम्ही नाश्त्याला काय खाता, बाई?"

"हे खातात तेच," ती म्हणाली. आणि खोटं नको म्हणून पुढे म्हणाली, "आणि यांचं उरलेलं."