मिस्त्रींची नडगी

परांचीचा बांबू मिस्त्रींच्या नडगीला लागला तेव्हा जखम एवढीशी होती. महिने उलटले तरी ती आपली तिथंच. लाल, सुजलेली, हात लावावा तर गरम. साखरेचा आजार तर आधीपासूनच होता. बायकोच्या नाकी नऊ आले. तिनं त्यांचं गोड तोडलं, पाय उशीवर ठेवायला लावला, दवाखान्याचे उंबरे झिजवले. शेवटी डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, सूज अशीच वर चढत राहिली तर पाय वाचेल असं सांगता येत नाही. तिनं बाहेर नळावर तोंड धुतलं आणि मिस्त्रींना यातलं अक्षरही कळू दिलं नाही.

पट्टी उघडली की सिस्टर म्हणायच्या, "काल बरी दिसत होती की. आज पुन्हा सोलल्यासारखी कशी?" यावर मिस्त्री छताकडे बघायचे आणि तिथल्या गिलाव्यात खोट काढायचे. "तो कोपरा फुगलाय बघा. कुणी केलंय हे काम?"

एका दुपारी बायको बाजारातून लवकर परतली. मागच्या पायरीवर मिस्त्री बसलेले, पट्टी सोडलेली, पाय उन्हात, आणि दात आवळून खरखरीत फडक्यानं जखम घासणं चाललेलं.

"अहो, काय करताय हे?"

"गुळगुळीत भिंतीवर नवा थर धरत नाही," मिस्त्री म्हणाले. "आधी टाचे मारायचे, ती खरखरीत करायची. मगच गिलावा बसतो."

जन्मभर भिंतींना जे केलं, तेच हा माणूस रोज स्वतःच्या पायाला करत होता! तिनं कपाळाला हात लावला आणि त्यांना तसंच रिक्षात घालून सिस्टरांपुढे उभं केलं.

सिस्टर रागावल्या नाहीत. त्या स्टूल ओढून बसल्या. "मिस्त्री, जुनं बांधकाम पाडायला माणसं येतात. धूळ, गोंधळ, पसारा. ती गेली की तुमचं काम सुरू. बरोबर? जखमेतली ही लाली, सूज, ऊब म्हणजे ती पाडापाडीची माणसं. ती यावीच लागतात, घाण तीच काढतात. पण काम झालं की निघायला हवीत. साखरेमुळे तुमच्याकडे ती आधीच रेंगाळलीत. त्यात तुम्ही रोज खरवडून त्यांना नव्यानं बोलावता. मग भरणाऱ्यांनी यायचं कधी? तुम्ही घासून काढलंत ना, ती कोवळी कातडी होती."

"पण झाकून ओली ठेवली तर ती वाळणार कधी?"

"बघा आता," बायको म्हणाली. "नवीन लग्न झालेलं, तर मला भिंतींवर पाणी मारायला उन्हात उभी करायचे. वाळू दिली तर तडे जातील म्हणून. आणि ओल्या गिलाव्याला चुकून बोट लागलं, तर दिवसभर माझ्याशी अबोला."

सिस्टर हसल्या. मिस्त्री हसले नाहीत.

घरी आल्यावर बायको खरडपट्टी काढायच्या तयारीतच होती. तेवढ्यात मिस्त्रीच म्हणाले, "डॉक्टर तुला बोलले ते मी ऐकलं होतं. भीती वाटली गं. म्हटलं, आपणच जरा घाई करावी."

ती त्यांच्या शेजारी टेकली.

"मलाही वाटते," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ठरलं, खाज सुटली तर पट्टीला हात लावायचा नाही, हाक मारायची. मिस्त्रींनी हा हुकूम अगदी मनापासून पाळला. ती कणीक मळत असली की हमखास हाक यायची. "अगं, खाजतंय." ती हात धुऊन यायची, पट्टीवर हलकेच तळवा ठेवून बसायची आणि शेजारणीच्या भांडणाबिंडणाचं काहीबाही सांगत राहायची. हळूहळू सूज ओसरली. पाय गार लागायला लागला. जखमेच्या कडा आत सरकत आल्या.

पट्टी कायमची निघाली तेव्हा बायको दवाखान्यातच रडली. सिस्टरांनी पुसायला कापूस दिला. मिस्त्रींनी गुलाबी कातडी निरखून पाहिली आणि म्हणाले, "फिनिशिंग चांगलंय."

दुसऱ्या दिवशी ती कणीक मळायला बसली, आणि हाक आली.

"अगं, खाजतंय."

ती हात धुऊन गेली, शेजारी बसली, उघड्या नडगीवर तळवा ठेवला.

"कुठं?"

"आहे तिथंच कुठंतरी," मिस्त्री म्हणाले. "तू बस."