लोखंड्याचा शेवटचा भाग

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझी जातच पाहिली नसेल. काळी, चौकोनी, हातात घेतली तर चांगली वजनदार. माझ्या पोटात दोन चक्र्या आहेत आणि त्यांच्यावर गुंडाळलेली लांबच लांब तपकिरी फीत. पुढच्या कडेला एक झाकण आहे. बाजूचा खटका दाबला की ते वर उचललं जातं आणि आतली फीत दिसते. हे झाकण तेवढं ध्यानात ठेवा, माझं सगळं दुःख त्याच्यामागे आहे.

माझा कारखाना कुठला, ते मला ठाऊक नाही. आणि खरं सांगू का, कोऱ्या कॅसेटचं जगणं ते काय जगणं! मी जगायला लागले ती नागपुरात, नंदनवन वस्तीतल्या मार्तंडरावांच्या घरी. मार्तंडराव कचेरीत कारकून, पण जीव सगळा नाटकात. त्या काळी टीव्हीवर 'ध्रुवापलीकडे' नावाची मालिका लागायची. पुठ्ठ्याचं आकाशयान, थर्माकोलचे डोंगर, आणि निळे दिवे लावले की झाला परग्रह! पण लोक श्वास रोखून बघायचे. त्यातला लोखंड्या नावाचा यंत्रमानव तर पोरांच्या गळ्यातला ताईत होता. त्या लोखंड्याच्या पत्र्याच्या आत होते आमचे मार्तंडराव!

पण हे पटणार कोणाला? चेहरा डब्याच्या आत, आवाज दुसऱ्याच नटाचा. कचेरीतले सोबती चहा पिता पिता टिंगल करायचे. "काहून फेकून राहिला गा मार्तंड? त्या डब्यात कोणीबी असू शकते." मार्तंडराव नुसते हसायचे आणि म्हणायचे, "शेवटचा भाग येऊ द्या."

त्या शेवटच्या भागात लोखंड्या आपल्या हातांनी शिरस्त्राण काढतो आणि आतून माणूस निघतो, तो खुद्द मार्तंडराव, स्वतःच्या आवाजासकट. हा भाग हातचा जाऊ नये म्हणून शेजारी व्हिडिओ लायब्ररी चालवणाऱ्या नानाजींनी आपला व्हीसीआर उचलून आणला. मला त्यात सरकवलं आणि भाग माझ्या फितीवर उतरू लागला. घरात गल्ली लोटली होती. शिरस्त्राण निघालं, घामाने चिंब झालेला चेहरा दिसला, आणि तो चेहरा हसून म्हणाला, "घाबरू नका. आत माणूस आहे." अहो, काय तो गलका! उत्तराबाई, म्हणजे त्यांची बायको, तोंडावर पदर धरून रडत होत्या आणि हसतही होत्या. दुसऱ्या दिवशी कचेरीतले तेच सोबती संत्रा बर्फीचा डबा घेऊन दारात हजर झाले.

मग माझा काय थाट वर्णावा! पाहुणा आला की चहाच्या आधी मी. दसऱ्याला स्कूटर, शिलाई मशीन, विळी यांच्या रांगेत मला पाटावर बसवायचे. मार्तंडराव माझ्या प्लास्टिकवर कुंकवाचं बोट टेकवून म्हणायचे, "ही माझी तलवार." लहानगी नूपुर माझ्यावर झेंडूचं फूल ठेवायची आणि ते घसरून पडलं की पुन्हा ठेवायची.

नूपुर दहावीत होती तेव्हा मार्तंडराव कचेरीत खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस, डबा तेवढा परत आला.

घरात त्यांचे फोटो होते, पण फोटोतले मार्तंडराव म्हणजे शाळेच्या तपासणीला उभे असल्यासारखे ताठ. हलणारे, बोलणारे, हसणारे मार्तंडराव एकट्या माझ्याजवळ होते. दिवसकार्य आटोपल्यावर उत्तराबाईंनी मला लावलं. तो चेहरा हसला, आणि त्यांनी तिथेच बटण दाबून मला बाहेर काढलं. नूपुर म्हणाली, "आई, पुढे बघ ना." त्या म्हणाल्या, "नको. इथंच राहू दे. पुन्हा लावली की आधी हेच दिसतील."

नानाजींनी आपुलकीनेच सांगितलं, "वहिनी, सारखी नका लावू जी. फीत झिजते." झालं! झिजू नये म्हणून मला कधी लावलंच नाही. पुढे नानाजींची लायब्ररी बंद झाली, व्हीसीआर भंगारात गेला. मी खणाच्या कापडात गुंडाळून देव्हाऱ्यात जाऊन बसले, अन्नपूर्णेच्या शेजारी. तिथे उदबत्तीचा धूर, ओल्या फुलांची सर्दी. त्यानंतर कितीतरी वर्षं मी एकदाही फिरले नाही.

आणि दसरा यायचाच. उत्तराबाईंच्या स्वतःच्या कपाळावर आता कुंकू नव्हतं, पण माझ्यासाठी करंडा निघायचा. पहिल्याच वर्षी माझ्या प्लास्टिकपाशी नेलेलं बोट त्यांनी मागे घेतलं. म्हणाल्या, "डब्याची कसली पूजा? हे तर आत आहेत." त्यांनी खटका दाबला, झाकण उचललं आणि जी फीत समोर दिसत होती तिच्यावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. अगदी हलक्या हाताने, हो! नवऱ्याच्या कपाळाला लावावं तसं. दर दसऱ्याला हेच. मला थंडगार लागायचं, मग कोरडं, मग खाजरं. मला वाटायचं, एवढं प्रेम कोणत्या कॅसेटच्या नशिबी येतं!

बरीच वर्षं अशी गेली. नूपुर नोकरीला लागली, तिचेही केस कानाशी पिकले. आणि एके दिवशी मोबाईल बघता बघता ती ओरडलीच, "आई! 'ध्रुवापलीकडे' परत येते आहे!"

मुंबईची एक कंपनी सगळे भाग साफसूफ करून, डिस्कवर घालून, पेटीत विकणार होती. फक्त शेवटचा भाग त्यांच्याकडे नव्हता. गोदामात पाणी शिरून तो सडला होता. कोणाच्या घरी असेल तर पाठवा, अशी त्यांची विनंती होती.

उत्तराबाई देव्हाऱ्यापाशी आल्या आणि मला छातीशी धरून खाली बसल्या. "नूपुर, तुला सांगू? तुझ्या बाबांचं तोंड आठवतं गं. पण हसू आठवत नाही. किती दिवस झाले, डोळे मिटून आठवून राहिले, येतच नाही." नूपुरने त्यांचा हात धरला. "आता दिसेल ना आई."

धरमपेठेत दामिनी नावाची मुलगी आहे, उमरेडकडची. लोकांच्या लग्नाच्या जुन्या कॅसेटी ती संगणकात उतरवून देते. नूपुर मला तिच्याकडे घेऊन गेली. दामिनीने झाकण उचललं आणि तिचा हात तसाच थांबला.

"ताई, हे काय जी? फितीवर कुंकू कोणं लावलं?"

"आई लावते. दसऱ्याला."

"दरसाली?"

"दरसाली," नूपुर म्हणाली. तिच्या आवाजात आधी थोडं हसूच होतं.

"अवं माय!" दामिनीने कपाळावर हात मारला. "आमच्या घरी बाबा ट्रॅक्टरले लावते जी, पण बाहेरून लावते. इंजिनात नाही टाकत."

तिने मला उघडलं, पुसलं, वाळवलं, माझी फीत नव्या कवचात घातली. पोरीने जीव ओतला, हे मी सांगते. बाकीची फीत चांगली निघाली. आकाशयान आलं, डोंगर आले, मधल्या जाहिरातीसुद्धा आल्या. आणि नेमकं शिरस्त्राण उचललं जाताना पडद्यावर पांढऱ्या मुंग्या पसरल्या. दामिनी हळूच म्हणाली, "कडेवर आवाज असते ताई, तो वाचला. मधात चित्र असते. ते कुंकवानं खाल्लं." नूपुरच्या तोंडचं हसू पार उडालं. तिने विचारलं, "दुसरा काही उपाय?" दामिनीने मला त्याच जागी थांबवून बाहेर काढलं आणि मान हलवली. "नाही जी. काकूले नका सांगू."

नूपुरने उतरवलेला भाग मुंबईला पाठवला आणि काही महिन्यांनी डिस्कची पेटी आली. सुरेख छापलेली, वर लोखंड्याचं चित्र, आत मार्तंडरावांचं नाव. उत्तराबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि टीव्हीसमोर बसल्या. मी मांडीवर होते. लोखंड्याचे हात वर गेले. उत्तराबाई पुढे झुकल्या. पडद्यावर मुंग्याच मुंग्या, आणि त्या मुंग्यांमधून तो आवाज आला, "घाबरू नका. आत माणूस आहे." चित्र परतलं तेव्हा मार्तंडराव पाठमोरे चालत निघाले होते.

"इथंच कसं गं गेलं? नेमकं इथंच?"

"जुनी आहे ना आई," नूपुर म्हणाली. पण तिला आईकडे बघता येईना.

उत्तराबाईंनी मला उचललं. खटका दाबला, झाकण वर केलं. फितीवर फिकट लाल डाग अजून होता. त्या डागाकडे पाहिलं, मग आपल्या बोटाकडे पाहिलं.

"मीच पुसलं का गं त्यांना?"

नूपुरने त्यांना कवेत घेतलं. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, नाही हो बाई, तुमच्याइतकं कोणी कोणाला जपलं नसेल! पण आम्हा कॅसेटींना जे भरलं तेवढंच बोलता येतं.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. जे जिवापाड आवडतं ते देव्हाऱ्यात कोंडू नका. वही असेल तर उघडा, पेटी असेल तर वाजवा, आपलं माणूस असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा. हाताळल्याने वस्तू झिजते हे खरं, पण झिजताना ती आपल्याला दिसत असते. मला झिजायचं होतं हो. त्यांच्यासमोर फिरत फिरत झिजायचं होतं.

परवा दसरा झाला. मी पाटावर होते, शिलाई मशीनच्या शेजारी. उत्तराबाईंनी करंडा उघडला, बोट बुडवलं आणि माझ्याकडे आणता आणता थांबल्या. मग ते बोट पदराला पुसून त्यांनी माझ्याजवळ नुसतं आपट्याचं पान ठेवलं, आणि टीव्हीसमोर जाऊन डोळे मिटून बसल्या.

"लाव गं नूपुर."

मुंग्यांमधून आवाज आला, "घाबरू नका. आत माणूस आहे."

"पुन्हा लाव," त्या म्हणाल्या.