खेळात लागलं

“चाकं दिलीत, पन ब्रेक न्हाय. जरा टेकलं का पलंग निघाला नाशिकला.”

गुणाबाई लेकीच्या, सुवर्णाच्या कानाशी पुटपुटली आणि सरकलेला पलंग तिनं गुडघ्यानं पुन्हा भिंतीला लावला. इस्पितळात आल्यापासून म्हातारीचं रोज एक गाऱ्हाणं असायचं. चहात आलं नाही. पंखा नेमका शेजारच्याला वारा घालतो. नर्स बोलते का भांडते तेच समजत नाही. पलंगावर पडलेल्या पोराबद्दल मात्र तिनं एक अक्षर काढलं नव्हतं.

पोरगा म्हणजे भरत, सुवर्णाचा धाकटा भाऊ, कबड्डीचा गडी. मानेला पट्टा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. बोलू शकत होता, डोळे फिरवू शकत होता. खांद्यांच्या खालचं काहीच त्याचं राहिलं नव्हतं. भेटायला येणारे हळू आवाजात विचारत, कसं झालं? आणि कोणीतरी तितक्याच हळू सांगे, खेळात लागलं.

सुवर्णाला त्या शब्दाची शिसारी बसली होती. काय सोयीचा शब्द आहे. ठेच लागते, भूक लागते, उचकी लागते; लावणारा कोणी नसतो. ‘मारलं’ म्हटलं की लगेच ‘कोणी?’ येतं. ‘लागलं’ म्हटलं की नुसती हळद येते.

ती तर पहिल्या रांगेत होती. सामना भिवंडीतलाच, दिवेलागणीचा. भरत आता गावच्या मंडळाचा राहिला नव्हता. कामवारी किंग्ज नावाच्या संघानं त्याला करारावर घेतला होता. पाठीवर नाव, छातीवर पाइपांची जाहिरात. नारपोलीत लूमसाठी सुताच्या कांड्या भरण्याच्या कामावरून सुट्टी टाकून सुवर्णा आईला घेऊन आली होती. समोर माहुली फायटर्स, आणि त्यांच्या डाव्या कोपऱ्यावर मानकोलीचा अनंता.

भरत चढाईला गेला. एकाला पायानं टिपून परत फिरतो तोच अनंतानं त्याचा घोटा धरला आणि वरून तिघे पडले. कुणाचं तरी कोपर तोंडावर बसलं. भरतचा दात मॅटवर उडालेला सुवर्णाला दिसला. दम तुटला. शिट्टी झाली. तिघे उठले. भरत पालथा पडून तळहात मॅटवर आपटत होता, म्हणजे सोडा, संपलं. अनंताही उठला. कमरेवर हात ठेवून त्यानं एक श्वास घेतला, पंचाकडे पाहिलं, आणि मग गुडघा पुढे करून सगळ्या वजनानिशी भरतच्या मानेवर उतरला. चालत्या लूमचा पट्टा तुटावा तसा आवाज आला. भरतचे पाय एकदा थरथरले. मग ते दुसऱ्याच कोणाचे असल्यासारखे पडून राहिले.

लोक ओरडत होते, पण हळहळून नव्हे. पंचानं पिवळं कार्ड दाखवलं. अनंता दोन मिनिटं बाहेर बसला, पाणी प्याला, परत आला. भरतला उचलून नेल्यावर कोपऱ्यात बसलेला राघो, ज्याचं काम मॅटवरचा घाम पुसायचं, तो लंगडत आला, फडक्यानं रक्त पुसलं, दात उचलून खिशात टाकला. खेळ सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी तो प्रसंग घरोघरी मोबाईलवर फिरला. कुणा हौशी माणसानं त्यावर ढोलताशाचं गाणं चढवलेलं. साऱ्या तालुक्यानं पाहिलं, पण शिट्टी काही कोणाला ऐकू गेली नाही.

आणि त्यातच गुणाबाईनं घोळ घातला. त्या भागात जुनी रीत आहे. खेळात कोणाचं हाडबिड मोडलं तर समोरच्या गड्याच्या घरचे नारळ घेऊन येतात. नारळ हातात घेतला की विषय मिटला. पुन्हा तोंडातून काढायचा नाही. अनंताचा चुलता इस्पितळात आला, वाकला, त्यानं नारळ पुढे केला. आणि गुणाबाईनं घेतला. कोणी नारळ दिला तर बाई पदर पुढे करते, तसा घेतला. तिच्या ध्यानात आलं, तेव्हा तो जिन्यावर पोचला होता. मग म्हातारीनं तो नारळ पलंगाखाली ढकलला. ब्रेक नसलेला पलंग हलला की तोही खाली गडगडायचा, जणू आठवण करून द्यायला.

गावात निरोप गेला, मिटलं.

हवालदार तुळशीराम जबाब घ्यायला आला तेव्हा सुवर्णाला वाटलं, नारळ गेला चुलीत, कायदा तर आहे. तुळशीराम स्वतः जुना गडी. तुटून वाकड्या जुळलेल्या बोटांत त्यानं पेन धरलं होतं. त्यानं भरतला विचारलं, काय झालं? भरत छताकडे बघत म्हणाला, “खेळात लागलं.”

सुवर्णा बाहेर व्हरांड्यात हवालदारामागे धावली. शिट्टी झाली होती, साहेब, म्हणाली, मी ऐकली. तुळशीरामनं तिला समजावून सांगितलं, वाईट माणूस नव्हता तो. गडी मैदानात उतरला म्हणजे मार खायला राजी झाला, असं धरतात. किती मार, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. पंचानं कार्ड दिलं, म्हणजे शिक्षा झाली. संघवाले अपघात म्हणतात, कारण अपघाताचाच उपचार ते करतात. बाकीचे गडी बोलणार नाहीत, उद्या त्यांना त्याच अनंतासमोर चढाईला जायचंय. तू बहीण, तुझं ऐकणं कोण ऐकणार? आणि ज्याची मान मोडली तोच लागलं म्हणतो. मग मी कोणाला धरू?

“रस्त्यावर केलं असतं तर आत्ता आत असता,” तो म्हणाला. “पण फक्कीच्या रेषेच्या आत कायदा चपला काढून बसतो, बाई.”

सुवर्णानं त्या दुपारी पलंगाखालून नारळ काढला आणि रिक्षा करून मानकोली गाठली. गोदामांच्या मागच्या मोकळ्या जागेत माहुली फायटर्सचा सराव चालला होता. ती रेषेच्या बाहेर उभी राहिली. आत अनंता एका नव्या पोराची मान बगलेत धरून त्याला वाकवत होता, पोराचा चेहरा वांग्यासारखा झालेला, आणि शिकवणारे मास्तर बाहेरून सांगत होते की असाच, अजून दाब, उठता कामा नये. पोरानं हात आपटला. अनंतानं आणखी एक हिसका दिला, मग सोडलं. पोरगा गुडघ्यावर बसून ओकला. सगळे हसले; थोड्या वेळानं पोरगाही हसला, हसणं भाग होतं.

सुवर्णा नारळ परत द्यायला गेली होती. हातात द्यायचा, रीतीप्रमाणे, म्हणजे विषय पुन्हा उघडतो. पण अनंतानं तिला पाहिलं आणि तो म्हणाला, “काय ताई, भरतचं बरं हाय ना? लागतं खेळात.”

हातातला नारळ कधी सुटला ते तिचं तिलाही समजलं नाही. न सोललेल्या शेंडीचा, चांगला वजनदार. अनंताच्या भुवईवर बसला. शिवण उसवावी तसं कातडं फाटलं आणि रक्त डोळ्यात, नाकावर, दाढीत उतरलं. तो धरायला धावला, घसरला, तिची वेणी त्याच्या हातात आली. तिनं त्याच्या मनगटाला दात लावले आणि तोंडात खारट चव येईपर्यंत सोडलं नाही. चौघांनी मिळून दोघांना वेगळं केलं.

ह्या वेळी कायद्यानं चपला घालायला जरासुद्धा उशीर केला नाही. दिवस मावळायच्या आत सुवर्णा चौकीत बाकावर बसली होती, आणि तुळशीराम तिच्यासमोर डोकं धरून.

“हे काय करून बसलीस?”

“लागलं त्याला,” सुवर्णा म्हणाली.

“नारळ फेकून मारला, वर लागलं कसं म्हणतेस?”

“तेच तर मी विचारते, साहेब.”

तुळशीरामला हसू आलं, ते त्यानं मिशीत दाबलं. मग खरं ते सांगितलं. अनंताचे लोक तक्रारीला तयार होते, टाके पडले होते, साक्षीला चौदा गडी उभे होते. तिकडे मान मोडली तेव्हा एकही नव्हता. पण ते सोडायला तयार आहेत, म्हणाला. तू भरतचं सोड, ते हे सोडतात. उद्या इस्पितळात येऊन शेवटचा जबाब घेतो, भरत लागलं म्हणेल, सही होईल, दोन्हीकडचं मिटेल. “नाहीतर उद्या मी साक्षीदार मागेन. ज्यानं शिट्टी ऐकली असा, घरचा नसलेला, एक तरी माणूस आण.”

असा माणूस एकच होता, आणि त्याच्याकडे जायला सुवर्णाचे पाय उचलत नव्हते.

राघो पडघ्याच्या वरच्या पाड्यावरचा, ठाकराचा पोर. पूर्वी तो आणि भरत एकमेकांसमोर खेळायचे. राघोची चढाई अशी, की धरणाऱ्याच्या हातात नुसता घाम यायचा. पडघ्याच्या अंतिम सामन्यात भरतनं मात्र त्याचा पाय धरला. शिट्टी झाली, राघोनं अंग सैल सोडलं, आणि तेवढ्यात भरतनं तो पाय छातीशी आवळून उलटा फिरवला. माणसाचा गुडघा मागे वाकत नाही. त्या दिवशी वाकला. हाड कातड्याला आतून टोचून वर आलं. मैदानात पहिल्या टाळ्या पडल्या त्या कोणाच्या, ते सुवर्णा कधी आठवत बसली नाही. गुणाबाई नारळ घेऊन पाड्यावर गेली. राघोच्या आईनं, भागीनं, तो घेतला. मिटलं. ती पकड पाहूनच कामवारी किंग्जवाल्यांनी भरतला उचलला, आणि पुढे कोणाला तरी दया आली म्हणून राघोला मॅट पुसायचं काम दिलं.

सकाळी ती पाड्यावर गेली. राघो अंगणात फडकी वाळत घालत होता. सुवर्णानं हात जोडून सगळं सांगितलं. पडघ्याचं सोडून सगळं. तो ऐकत राहिला. शिट्टी ऐकलीस ना रे, तिनं विचारलं. ऐकली, म्हणाला. मग येशील? त्यानं शेवटचं फडकं झटकलं, दोरीवर टाकलं आणि आत जाऊन सदरा घालून आला.

वॉर्डात तुळशीराम आधीच येऊन बसला होता. राघो एक पाय ओढत पलंगापाशी आला तशी गुणाबाई घाईनं उठली, स्टूल पुसून पुढे केलं. सुचेना म्हणून मग म्हणाली, “बघ रं राघो. तुझ्या दोस्ताला कसं लागलं.”

राघोनं स्टुलावर बसायचं टाळलं. खिशातून कागदाची पुडी काढून गुणाबाईच्या हातावर ठेवली. “त्याचा दात हाय, काकी. धुतलाय.”

म्हातारीनं मूठ मिटली. पलंग जरा सरकला. ह्या वेळी तिनं तो लोटला नाही.

तुळशीरामनं राघोला नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग विचारलं की त्या दिवशी काय पाहिलंस. राघो म्हणाला, मॅटच्या कोपऱ्यात बसलो होतो, घाम पुसला, रक्त पुसलं.

“गुडघा पडला तो शिट्टीच्या आधी का नंतर?”

राघो हवालदाराकडे बघत नव्हता. तो भरतकडे बघत होता, आणि भरत छताकडे.

“त्यालाच विचारा, साहेब,” राघो म्हणाला. “शिट्टी कवा व्हते न् तिच्यानंतर काय करता येतं, ते त्याला माझ्यापरीस चांगलं ठावं हाय.” आणि तो वळला. फरशीवर त्याचा पाय घासल्याचा आवाज दारापर्यंत गेला.

तेव्हा कुठे सुवर्णाला उमगलं, भाऊ इतके दिवस लागलं-लागलं का म्हणत होता. ना संघासाठी, ना उपचारासाठी. अनंताचं ‘मारलं’ म्हणायचं, तर आणखी एक ‘मारलं’ त्याच्या आधी उभं होतं. तिला बोलायचं होतं. पण तुळशीराम पेनाचं टोपण लावत होता, गुणाबाई मिटल्या मुठीकडे बघत होती, आणि तिची स्वतःची जीभ त्या नारळासारखीच घट्ट झाली होती, शेंडीसकट.

“राघो, थांब.”

भरतचा आवाज भसाडा, दातांच्या फटीतून शीळ वाजवत आला. मान वळवता येत नव्हती, म्हणून तो छतालाच सांगितल्यासारखं बोलला.

“हवालदारसाहेब, टोपण काढा. अनंतानं मला मारलं, शिट्टी झाल्यावर. पण ते मागून लिहा. आधी हे लिहा. पडघ्याला राघोला लागलं न्हवतं. मी मारलं त्याला. शिट्टी मला ऐकू आलेली.”