अंगठ्याची ताकद

"ओढ," एमेट म्हणाला.

मी अंगठा लावला. रिव्हॉल्व्हरच्या पाठीवरचा, गोळीवर आपटणारा घोडा जेमतेम हलला. दुसरा अंगठा मदतीला घेतला, तर अर्ध्यावर येऊन निसटला. आत गोळी नव्हती. बंदुका दुरुस्त करणाऱ्या एमेट स्कारने वस्तू हातात घेताच गोळ्यांची सहाही घरं करंगळीने चाचपून पाहिली होती. ओळख पन्नास वर्षांची, पण त्या बाबतीत तो कुणावर विश्वास ठेवत नसे.

"दोन्ही हात घोड्याला? मग धरणार कशाने, दातांनी?"

"म्हणून तर आलेय ना तुझ्याकडे, शहाण्या!"

आदल्या आठवड्यात आमच्या वरच्या कुरणात एक गाय नाल्यात कोसळली होती. पुढचे दोन्ही पाय मोडलेले. तिची सुटका करायला मी तिच्या डोक्याशी उभी राहिले आणि संधिवाताने सुजलेल्या अंगठ्याला घोडा ओढवेना. शेजारी रायफल घेऊन येईपर्यंत तास गेला. तासभर ती माझ्याकडे बघत होती. कुरणात एकटीने जायचं तर हात चालायला हवा. नाहीतर बिलिंग्जला, मुलाच्या घरी, मागच्या खोलीत जाऊन बसायचं.

मुलगा, रॉस, फोनवर म्हणाला होता, "आई, त्यात काही बदल करू नकोस. आजोबांची वस्तू आहे ती. तुला नवं, हलकं घेऊन देतो."

खरं सांगायचं तर तसा बदल करायचा मलाही धीर होत नव्हता. नळीचा निळा रंग चामड्याच्या म्यानात घासून उडालेला. मुठीचं लाकूड एका अंगाने चेपलेलं, कारण सासऱ्यांनी आणि नंतर माझ्या नवऱ्याने, हार्लनने, कुंपणाचे खिळे त्या मुठीनेच ठोकले होते. हार्लन गेल्यावर त्याचा हात त्या मुठीत तेवढा उरला होता.

"याला आजवर कुणाची कानस लागलेली नाही, एमेट," मी म्हटलं. "हार्लन सगळ्यांना सांगायचा."

एमेटने मुठीची लाकडं सोडवली, आतली पोलादी पट्टी काढली आणि दिव्याखाली धरली. तिच्याच जोरावर घोडा आपटतो.

"कडा बघ."

दोन्ही कडा आत घेतलेल्या होत्या. कानशीच्या बारीक, सरळ रेघा, नंतर घासून मऊ केलेल्या.

"हे कुणी केलं?"

"मी. अठ्ठावन्नच्या ऑक्टोबरात. तेव्हा बापाच्या हाताखाली होतो. हार्लन म्हणाला, मी हिवाळाभर रेल्वेच्या कामावर जातोय, आयोन एकटी राहणार, आणि घोडा तिला ओढवत नाही. तेवढं हलकं कर, पण तिला कळता कामा नये."

मला तो दिवस लख्ख आठवला. गोठ्यामागे हार्लनने रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिलं आणि आदल्या महिन्यात न हललेला घोडा मी एका दमात ओढला. त्याने शीळ घातली. "बायको केली की लोहार आणला!" पुढे प्रत्येक नाचाच्या संध्याकाळी तो माझा अंगठा वर धरून लोकांना दाखवायचा. मीही दाखवायचे. कोपऱ्यात फिडल वाजवायला एमेट असायचा.

"इतकी वर्षं तू माझ्या बढाया ऐकून घेतल्यास?"

"चांगल्या मारायचीस."

मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू. ते ओसरेपर्यंत एमेट पाठ फिरवून फळीवर कसला तरी स्क्रू शोधत राहिला. तसाच होता तो. तालुक्याबाहेर कधी फारसा गेला नाही, दुकानावर धड पाटी लावली नाही. आजोबांची बंदूक चकाचक करून मागणाऱ्यांना परत पाठवायचा. "ती त्यांनी झिजवलीय. मी काय पुसून टाकू?"

"मग पट्टीच अजून घास," मी म्हटलं.

"आणखी घासली तर गोळी पेटणार नाही. घोड्याची शेपटी, अंगठा टेकतो तेवढा भाग, लांब, रुंद करून खाली वाकवायला हवी. म्हणजे अंगठा पोचेल." तो थांबला. "हार्लनचा घोडा आहे. तू सांग."

"सुरुवात त्यानेच केलीय," मी म्हटलं. "कर."

पंधरा दिवसांनी दुकानात मी घोडा एका अंगठ्याने ओढला. एमेटने शीळ घातली. अगदी हार्लनसारखी. मग त्याने दोरीने बांधलेला तंबाखूचा चपटा डबा माझ्या हातात ठेवला. "घरी जाऊन बघ."

डब्यात तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला हार्लनचा घोडा होता, अख्खा, कानससुद्धा न लावलेला. मोडीतला दुसरा एक घोडा शोधून एमेटने सगळं काम त्याच्यावर केलं होतं. सोबत पुठ्ठ्याची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली: 'हार्लनचा. आयोनचं वापरून झालं की परत बसवणे.'

पुढच्याच वसंतात एमेट गेला. दुकानात आता कुणीतरी टायर विकतं. मी अजून वरच्या कुरणात जाते, पाच गोळ्या भरून, घोड्याखालचं घर रिकामं ठेवून, त्यानेच शिकवल्याप्रमाणे. दर ऑक्टोबरात डबा उघडते, फडक्याला तेल लावते आणि दोरी पुन्हा बांधते. चिठ्ठीवरची पेन्सिल पुसट होत चाललीय. मी ती गिरवत नाही.