बाजाराच्या तोंडी लायनेल

मेल्यावर आपल्यामागे काय उरणार, याची लायनेल टेटला कधी फिकीर नव्हती. बाजारातून गेल्यावर काय उरणार, याची मात्र भारी होती. येत्या शनिवारी फळांची गाडी कायमची सोडून तो समुद्राकाठी लेकीकडे राहायला जाणार होता, आणि पूर्व लंडनच्या त्या गल्लीत त्याचं नाव अजून एकाही शब्दाला चिकटलेलं नव्हतं.

गस बंचचं चिकटलं होतं. तीच तर जळजळ! तिथली बोलीच यमकांची: लंचशी बंच जुळतं, म्हणून लंचला म्हणायचं 'गस बंच'. त्यातही बाजाराची रीत अशी की, जुळणारा तुकडा गाळून टाकायचा, म्हणजे बाहेरच्याला आणि पोलिसाला ओ की ठो कळत नाही. उरला नुसता गस. माणूस जाऊन जमाना झाला, तरी दुपार झाली की अख्खी गल्ली 'चला, गस उरकून येऊ' म्हणत उठायची. आणि हा गस होता कोण? तर वर टवटवीत फ्लॉवर मांडून पिशवीत किडका सरकवणारा लबाड! लायनेलनं उभ्या जन्मात कुणाला किडकं फळ दिलं नव्हतं. त्याच्या पोटात दुखणार नाही तर काय होणार?

मग त्यानं स्वतःच कंबर कसली. टेट जुळतं ग्रेटशी. सोमवारी सकाळीच तो ओरडायला लागला, "या ताई, या! एकदम लायनेल स्ट्रॉबेरी!"

शेजारची चहावाली डॉट हेसल कप विसळता विसळता थांबली. "लायनेल स्ट्रॉबेरी म्हणजे? तू उष्टावलेली का रे?"

"म्हणजे ग्रेट! जुना शब्द आहे."

"किती जुना? सकाळच्या चहाइतका?"

बाजार बघायला आलेल्या एका पाहुण्यानं शब्दाचा उगम विचारला, तेव्हा तर लायनेलनं कहरच केला. म्हणे, लायनेल नावाचा एक दर्यावर्दी सरदार होता, त्यानं एकट्यानं तीन जहाजं बुडवली. डॉट तिकडून ओरडली, "कुणाची रे? आपलीच ना?" गल्ली पोट धरधरून हसली. इथल्या शब्दांचे सगळेच उगम थापा असतात, पण निदान त्या दुसऱ्यानं मारलेल्या असतात.

शुक्रवारपर्यंत एक माणूस लायनेल म्हणाला नाही. संध्याकाळी डॉटनं त्याच्यापुढे चहा ठेवला. "स्वतःचं बारसं स्वतः करतात का रे, वेड्या? नाव दुसऱ्यांनी ठेवायचं असतं."

"मग ठेवा ना! कोण अडवतंय?" लायनेल उसळला. "परवापासून या जागेवर दुसऱ्याची गाडी लागेल, डॉट. मी इथे होतो, हे कशावरून कळणार?"

डॉट चहा तसाच सोडून मासेवाल्याच्या गाडीकडे निघाली.

शनिवारी लायनेलनं ठेवणीतला सूट घातला आणि आरशासमोर निरोपाच्या भाषणाची तालीम सुरू केली. भाषण छोटंच होतं, पण दर खेपेला त्यात त्याचा स्वतःचा एखादा सद्गुण वाढायचा. प्रामाणिकपणा झाला, सोशिकपणा झाला, आणि नम्रतेबद्दल तर तो इतका भरभरून बोलला की बसवर बस निघून गेल्या. जन्मभर चिमण्यांच्या आधी गल्लीत पोचणारा माणूस, त्या दिवशी पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं!

धापा टाकत, टाय कानाशी गेलेला, असा तो गल्लीत शिरला. तोंडाशीच सगळा बाजार रांगेनं उभा, आणि पुढे डॉट, कमरेवर हात ठेवून. रागानं लाल झालेली.

"काय रे हे! सगळ्यांना ताटकळत ठेवून आजच बरा तू लायनेल झालास?"

असा हशा उसळला की कबुतरं उडाली. लेटशी टेट! इतकं चपखल आजवर काही जुळलं नव्हतं. दुपारी मासेवाला गिऱ्हाइकाला सांगत होता, "बांगडा नाही हो अजून, माल आज लायनेल येईल."

लायनेलचं भाषण घशातच राहिलं. डॉटशी एक अक्षर न बोलता तो लेकीकडे निघून गेला, आणि महिनोन्‌महिने धुमसत राहिला.

थंडी पडल्यावर चष्म्यासाठी त्याला शहरात यावं लागलं. पाय आपोआप गल्लीकडे वळले. कोपऱ्यावर एक अनोळखी पोरगी धावत आली आणि मैत्रिणीला म्हणाली, "रागावू नको गं, बसच लायनेल आली!"

"पोरी," तो म्हणाला, "हा लायनेल कोण गं?"

"काय माहीत, आजोबा. बाजारातला कुणी म्हातारा होता म्हणे. तो येईपर्यंत कुणी माल मांडलाच नव्हता."

लायनेल तडक डॉटपुढे जाऊन उभा राहिला. "खरंच कुणी मांडला नव्हता?"

"एकानंही नाही." डॉटनं वर पाहिलं नाही. "तू आलास की सगळ्यांनी मिळून ओरडायचं ठरलं होतं. 'लायनेल सकाळ!' म्हणून. तुझ्याच अर्थानं, ग्रेट."

"मासेवाला पण थांबला?"

"त्याचा बर्फ वितळून गटारात गेला, तरी थांबला. गिऱ्हाइकं परत पाठवली त्यानं, मूर्खा."

लायनेलनं तिथूनच लेकीला फोन लावला. "मला घरी यायला आज लायनेल होईल," तो म्हणाला, आणि फोन ठेवून गल्लीभर ऐकू जाईल असा रडला.